आपांनी तपासलेला तक्ता

चष्मा कपाळावर सरकवून आपा विचारायच्या, "आन् बाकीचे?" आमच्या सिडकोतल्या कॉलनीत या दोन शब्दांची धास्ती होती.

आपा निवृत्त परिविक्षा अधिकारी. गुन्ह्यात सापडलेल्या पोरांच्या घरी जायचं, पोरगं असं का वागलं याचा अहवाल न्यायालयाला द्यायचा, ही त्यांची नोकरी. पेपरात अत्याचाराची बातमी आली की लोक आपापलं कारण घेऊन त्यांच्या ओट्यावर जमत. कुणी म्हणे मोबाइल. "मोबाइल तुमच्याकडं बी हाय. आन् बाकीचे?" म्हणजे, तेच कारण असूनही जे असं वागत नाहीत, त्यांचं काय. कुणी म्हणे गरिबी. आपांच्या फायलींत बंगल्यांतली पोरंही होती. एकाने चायनीजच्या गाड्यांवर ठपका ठेवला. आपांनी त्याला घरी बोलावून नूडल्स खाऊ घातल्या आणि तासभर त्याच्याकडे टक लावून बसल्या.

त्या स्वतः काय शोधत, तर दोस्त कशाला हसतात, घरात बाईमाणसाला कसं बोलतात, आणि पहिल्या चुकीला कुणी टोकलं का.

पुढे आमच्याच पाण्याच्या टाकीजवळ पोरं मुलींची छेड काढू लागली. सभेत सूचना आली, मुलींचे संध्याकाळचे क्लास बंद करा. माझी मुलगी बारावीला. मी म्हणालो, आधी पाहणी करू. घरोघर फिरून तक्ता केला: मुलगी किती वाजता जाते, कुठल्या वाटेने, काय घालून. रकाने आखले, बेरजा दोनदा तपासल्या आणि ऐटीत आपांपुढे ठेवला.

त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. "बेरीज बरोबर हाय, भाऊ. पण छेड पोरी काढतात व्हय?"

मुलग्यांबद्दल मी एकाही घरी विचारलं नव्हतं. नव्या तक्त्याचा कागद घेतला, तर आपा म्हणाल्या, "पहिलं घर तुमचंच घ्या," आणि सोबत आल्या.

माझा मुलगा दहावीला. तो टाकीजवळ रोज असायचा. म्हणाला, मी कधी काही बोललो नाही, फक्त हसायचो. आपांनी शांतपणे विचारलं, "बहीण जाताना?"

"तेव्हाही."

मी हात उगारला. आपांनी तो धरला. "मारलं तर तुमच्यापासून लपायला शिकंल, बस्."

बाकीच्या घरी आपा आणि मी गेलो. दोन ठिकाणी दार आपटलं गेलं, पण क्लास बंद करण्याची सूचना बारगळली.

त्याच महिन्यात आपा बहिणीकडे पैठणला कायमच्या राहायला गेल्या. बॅग उचलायला मुलाला नेलं होतं. एसटीच्या खिडकीतून त्यांनी त्याला विचारलं, "बहिणीला सांगितलंस?" त्याने मान हलवली. नाही.

घरी येताच तो सरळ तिच्या खोलीत गेला. दार लागलं. आत काय बोलणं झालं, मी आजवर विचारलेलं नाही. बऱ्याच वेळाने ती एकटीच बाहेर आली, डोळे पुसले, सायकल काढली आणि टाकीच्या वाटेनेच क्लासला गेली.