कमान की पंप

माणूस माणसाला कसा मारतो ते पाहायचं असेल तर कुस्तीच्या फडात कशाला जायचं? ग्रामसभेला या. फक्त पंचायतीच्या तिजोरीत खडखडाट हवा.

पेणजवळचं आमचं गाव गणपती घडवणाऱ्यांचं. त्या साली धंदा बसला, घरपट्टी थकली. सरपंच वसुलीला निघाले, तर लोक म्हणाले, "पैसा कुठं घालायचा ते आमाला कदी इचारलाव?" सरपंच नुकतेच रोह्याहून कसलंसं प्रशिक्षण घेऊन आले होते. खर्चाला कात्री लावायची तर ती लोकांच्याच हाती द्या, असं तिथं शिकवलं होतं. आता एकच काम होणार होतं: वेशीवरची अर्धवट कमान पुरी करायची, नाहीतर डोंगराकडच्या आदिवासी वाडीचा जळालेला पंप बदलायचा. वाडीच्या बाया तेव्हा ओढ्यात खड्डे खणून पाणी भरत होत्या.

सरपंचांनी फर्मान काढलं: चिठ्ठ्या नकोत, दर घरानं घरून एक मूठ ओली शाडू आणायची आणि आपल्या पसंतीच्या घमेल्यात टाकायची. मग वजन; जड भरेल ते काम. आमच्या गावात माती जोखूनच घेतात, त्यामुळे यात कुणालाच खोट दिसली नाही. मातीचा व्यापारी मी, म्हणून काटा माझा. अगदी पुढची जागा, तीही फुकट!

वाडीतली एक बाई गणपतीच्या कारखान्यात माती मळायला येते. तिनं कमानीच्या घमेल्यातला एक गोळा सहज दाबला. आतून लोखंडी नट निघाला. तो उंच धरून ती म्हणाली, "ही मूठ कुनाची गो बाय? गर्भार हाय!"

हशा पिकला. तो विरायच्या आत सरपंचांच्या मेव्हण्यानं, धाटावच्या कंपनीतली शिफ्ट संपवून आलेल्या त्या रेड्यानं, हातातलं हेल्मेट तिच्या डोक्यात हाणलं. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. लगेच वाडीच्या दोघांनी त्याला आडवा पाडून त्याच्या तोंडात माती कोंबली. एकानं छातीवर गुडघा रोवला. माती बडवायची लाकडी धोपटणी फिरली आणि एका रंगाऱ्याचं गळ्याचं हाड मोडलं. ग्रामसेवक टेबलाखाली. कमानवाल्यांच्या हाताला पहिलं काय लागावं? त्यांचंच घमेलं! नट भरलेले गोळे गोफणगुंड्यांसारखे सुटले. एकाचे पुढचे दोन दात गेले, माझा कान फाटला.

ती बाई मात्र पंपाच्या घमेल्यावर पालथी पडली होती. मेव्हणा माती थुंकत उठला आणि तिच्या पाठीत लाथा घालू लागला.

"उठ गो, नायतर मनका मोडीन!"

"मोड. कमान पानी पाजल काय तुला?"

शेवटी सगळे दमले. फाटक्या सदऱ्यातले सरपंच ओरडले, "सभा रद्द!"

"जोखायचं ठरलंय," मी म्हणालो आणि कमानीचं घमेलं काट्यावर ठेवलं. तळाला चिखल तेवढा उरला होता.

"भिंतीवर उडालेली खरवडून धरा!" कुणीतरी ओरडलं.

"तुझ्या थोबाडापासून सुरू करू?" मी विचारलं.

पंपाचं घमेलं काठोकाठ होतं. मातीत रक्त ओघळलेलं पाहून मेव्हणा म्हणाला, "रगताचा वजन वजा करा."

बाई घमेल्याला धरून उभी राहिली. एक डोळा सुजून मिटला होता. "कर वजा. हात लाव नि कर."

त्यानं हात लावला नाही. कुणीच लावला नाही. ग्रामसेवक टेबलाखालून बाहेर आला, त्यानं पंपाचा ठराव लिहिला आणि सरपंचांनी सही केली. ठराव सहीसकट वाचून दाखवल्यावरच बाई टाके घालायला माझ्या टेम्पोत चढली.