फलाट रिकामा आहे

“गाडी परत आली का?” कुणी पूल उडवो, कुणी शत्रूची दोन विमाने पाडो, आमच्या पथकप्रमुखांचा प्रश्न एवढाच असे. संगणकावरच्या हवाई युद्धात विमानाला गाडी म्हणणारा सेनापती तुमच्या पाहण्यात आला नसेल. आमच्या वाट्याला आला.

हदगावच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची उभी नोकरी झाली. शेवटची बस आल्याशिवाय ते घरी जेवायला गेले नाहीत. त्यांच्या पत्नीने हे मला तक्रार म्हणून सांगितले होते. निवृत्तीनंतर ते संगणकावर लढाऊ विमाने उडवू लागले आणि इंटरनेटवरून आम्हा पाच जणांना जमवून मोहिमा काढू लागले. मी नांदेडला भूगोल शिकवतो, म्हणून नकाशा माझ्याकडे. नकाशा समजणे आणि विमान उतरवणे या भिन्न विद्या आहेत, हे त्यांना उशिरा कळले.

युद्धशास्त्रातील त्यांचे पहिले तत्त्व विद्यार्थ्यांनी पाठ करावे असे होते: मोहीम शत्रू पाहून आखू नये, वीज पाहून आखावी. मुरुड, जळकोट, हदगाव या आमच्या वैमानिकांच्या गावांच्या भारनियमनाचे वेळापत्रक त्यांच्या भिंतीवर असे. सगळीकडे वीज असेल, तो दीड तास म्हणजे युद्ध.

त्यातला अर्धा तास हजेरीत आणि सूचनांत जाई: कोण कुणाच्या मागे, किती इंधन उरल्यावर वळायचे. मुरुडचे कापड दुकानदार, आमचे चाचा, एकदा कंटाळून हेडफोनवरून म्हणाले, “साहेब, तोवर तिकडं दुश्मन म्हातारा होऊन राहिला.”

“होऊ द्या, चाचा. म्हाताऱ्याचा नेम चुकतो.”

मोहिमांची ते वही ठेवीत. सहाच्या सहा विमाने सुखरूप उतरली, तरच शेवटच्या रकान्यात ‘यशस्वी’. दोन वर्षांत तो शब्द लिहिण्याची वेळ आली नाही. याचे बरेचसे श्रेय मी नम्रपणे स्वीकारतो. धावपट्टी सोडून शेजारचे शेत निवडण्यात माझे सातत्य होते.

एका रविवारी मात्र पूल पडला, चार विमाने उतरली. आकाशात मी, आणि माझ्या वर घिरट्या घालणारे ते. माझ्या तीन फेऱ्या चुकल्या.

“सर, घाई न्हाई. फलाट रिकामा हाय,” ते म्हणाले.

चौथ्या फेरीत मी उतरलो. चाचांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात साहेबांचे विमान धावपट्टीच्या अलीकडे रानात कोसळले. माझी वाट पाहण्यात त्यांचे इंधन संपले होते.

चाचा म्हणाले, यशस्वी लिहून टाका, प्रमुखाला कोण मोजतो.

“न्हाई. एक गाडी बाहेर हाय.”

हा खेळ आहे, असे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि ‘अयशस्वी’ लिहिले.

गेल्या हिवाळ्यात हृदयविकाराने ते गेले. माझे अक्षर बरे, म्हणून वही माझ्याकडे आली. पुढे एका रविवारी आम्ही पाच जण उडालो. हजेरी घेतली, इंधन मोजले, वेळेवर वळलो. पाचही उतरलो, मी तर पहिल्याच फेरीत.

मी वही उघडली. शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबले.

चाचांनी हळूच विचारले, “सर, इंजिन बंद करायचं का?”

“थांबा थोडं,” मी म्हणालो.

मुरुडची वीज जाईपर्यंत पाचही विमाने इंजिन चालू ठेवून धावपट्टीच्या कडेला उभी होती.