पासवर्ड विसरल्यास नारळ फोडावा

"बाबा, तुमी मंजे पॅरेंट क्लास. मी मंजे चाइल्ड क्लास. तुमाले जे येते थे मले बिना शिकल्याचं येते. समजलं का?"

"समजलं. मंग थ्रेशरचा पट्टा चढव, मी च्या पेऊन येतो."

"थे नाही येत मले."

"मंग कायची चाइल्ड क्लास वं तू?"

एवढं बोलून जगदेव खरंच चहाला निघून गेला, आणि संस्कृती पट्ट्याकडं पाहत उभी राहिली. बापाला आपलं काम समजावून सांगायला गेलं की ते असं उलटं आपल्याच अंगावर येतं, हे तिला नवं नव्हतं.

शेलूबाजारला हायवेच्या कडेला जगदेवचं टिनाचं शेड आहे. खाली थ्रेशर, रोटाव्हेटर, कडबा कटर, सगळी भाड्यानं द्यायची यंत्रं. लोखंडी जिन्यानं वर गेलं की एक खोली. तिथं त्याची पोट्टी लॅपटॉप मांडून पुण्याच्या कंपनीची नोकरी करते. खालून डिझेलचा वास येतो, वरून पत्रा तापतो, आणि मधोमध संस्कृती इंग्रजी-मराठीत टिपणं लिहीत बसते. गावात तिला कंपुटरवाली म्हणतात. कोणाचा मोबाइल बसला की तो तिच्याकडं येतो. आपण मोबाइलवाली नाही हे सांगून सांगून ती थकली. आता ती मुकाट्यानं बंद करून चालू करून देते. निम्मे चालतात, आणि उरलेले निम्मे लोक म्हणतात की पोरगी पुण्यात शिकली खरी, पण काही उपयोग नाही.

तिची कंपनी यंत्रं भाड्यानं देणाऱ्यांसाठी ॲप चालवते. प्रोग्राम लिहिणारे वेगळे. त्या प्रोग्रामच्या प्रत्येक भागाच्या डोक्यावर हा भाग कशाचा, कसा वापरायचा, असं टिपण ठेवावं लागतं, ते संस्कृतीनं लिहायचं. त्या टिपणांतूनच पुस्तिका तयार होते आणि जागोजागच्या यंत्रवाल्यांच्या फोनवर मदत म्हणून दिसते. तिची माय मनकर्णाबाई बाजारात सांगते की माही पोरगी कंपुटरले समजावून सांगते. मंग आयकते का थो, असं कोणी विचारलं की म्हणते, आपल्या घरात कोन कोनाचं आयकते?

ह्या टिपणांना बाप असतो आणि लेकरं असतात. 'यंत्र' हा बाप, त्याच्या खाली थ्रेशर, रोटाव्हेटर ही लेकरं. लेकराच्या डोक्यावर काहीच लिहिलं नसलं तर बापाचं टिपण त्याला आपसूक लागतं. पण लेकरानं एक ओळ जरी स्वतःची लिहिली की बापाचं सगळं पुसलं जातं. कंपनीला हे चालेना. आधी बापाचं यावं आणि त्याला जोडून लेकराचं यावं, अशी सोय करा, असं ठरलं आणि ते जोडकाम संस्कृतीच्या गळ्यात पडलं.

खरं पाहिलं तर जगदेवच्या शेडात हे जोडकाम रोजचंच होतं. गिऱ्हाईक आलं की जगदेव त्याला आधी सगळं सांगणार, आणि त्याचं संपलं की जिन्यावरून संस्कृती तिचं जोडणार. आसेगावचा भागवत एकदा कंटाळून म्हणाला होता की तुमी बापलेक आधी आपसात ठरवून घ्या, तवरोक मी वावरात जाऊन येतो.

ह्या कामावर तिचं बरंच काही अडकलं होतं. घरून काम करायची तिला मुभा होती ती तात्पुरती. जोडकाम नीट झालं तर ती पक्की, नाही तर दिवाळीनंतर पुण्याच्या ऑफिसात जाऊन बसायचं. पुण्यात तिनं दोन वर्षं काढली होती. खोली चांगली होती, पाणी चोवीस तास होतं. पण तिथं तिच्याशी कोणी भांडत नव्हतं. धक्का लागला तर लोक सॉरी म्हणून पुढं जात. पोरीची जीभ दोन वर्षं म्यानात राहिली. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी बापाशी पंख्यावरून तिची जुंपली आणि जेवण कसं गोड लागलं.

तर तिनं काम मनावर घेतलं. दसऱ्याचे दिवस होते. बापाच्या टिपणात सगळ्या यंत्रांना लागू पडेल असं काही लिहायचं होतं, म्हणून ती खाली गेली आणि जगदेवला विचारलं की कोणतीही मशीन असो, सुरू करायच्या आधी काय करा लागते. जगदेवला विचार करावा लागला नाही. पहिले नारळ फोडा. मग उपरणं, ओढणी, जे ढिलं असेल ते आवळून बांधा. पट्ट्याजवळ हात नेऊ नका. लेकरं दूर ठेवा. संस्कृतीनं वर येऊन जसंच्या तसं लिहून टाकलं.

तिला त्यात काही वेगळं वाटलंच नाही. जन्मापासून पाहिलेली एकही मशीन नारळाशिवाय फिरलेली तिला आठवत नव्हती. समोर जो लॅपटॉप होता त्याच्या झाकणावरसुद्धा खंडेनवमीचं कुंकू होतं, आणि त्याच्यापुढचं खोबरं तिनं स्वतः खाल्लं होतं.

जोडणी आधी थ्रेशरवर लावून पाहिली, मग रोटाव्हेटरवर. आधी बाप बोलला, मग लेकरू बोललं, दोघांचं छान जुळलं. संस्कृतीनं जोडणी सगळीकडं चालवली आणि खाली जाऊन भजी खाल्ली.

तिला एक गोष्ट माहीत नव्हती. फार मागं कोण्या घाईतल्या गड्यानं सोपं पडतं म्हणून प्रोग्राममधलं झाडून सगळं त्या एकाच बापाच्या पोटी घातलं होतं. बिल त्याचंच लेकरू. हजेरी त्याचंच. रजेचा अर्जसुद्धा.

दुसऱ्या दिवशी फोन आला तो मंगरूळपीरच्या तय्यबभाईंचा. तय्यबभाईंचं स्पेअर पार्टचं दुकान आहे आणि दुकानामागं भाड्याची यंत्रं. जगदेवशी जुनी ओळख, म्हणून संस्कृतीला ते बेटाच म्हणतात.

"बेटा, आमच्या दुकानातला सेवालाल सकाळपासून नारळ मांगून राह्यला."

"काहून?"

"पासवर्ड इसरला ना थो."

संस्कृतीनं पुस्तिका उघडली. पासवर्ड विसरल्यास: नारळ फोडावा. उपरणे, ओढणी आवळून बांधावी. पट्ट्याजवळ हात नेऊ नये. लहान मुलांना दूर ठेवावे. त्यानंतर नवीन पासवर्ड टाकावा.

देल्लं का त्याले नारळ, असं तिनं कसंबसं विचारलं.

"देल्लं. त्यानं कौंटरवर फोडलं. काच गेली. पन पासवर्ड लागला बरं. आता बाकीचे बी मांगून राह्यले." तय्यबभाई मुद्द्यावर आले. "मी कायले फोन केला, आमी नव्या मशीनसमोर फातेहा देतो अन् रेवड्या वाटतो. त्याच्यावर हा पासवर्ड चालते का, का नारळच लागन?"

त्यांना हसू येत होतं की ते खरंच विचारत होते, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. तिनं भराभर बाकीची पानं पाहिली. बिल रद्द करायचं असो की रजा मागायची असो, सगळीकडं आधी नारळ फुटत होता.

पाठोपाठ पुण्याच्या कंपनीतल्या मॅडमचा फोन. मॅडम ओरडल्या नाहीत. संस्कृती, आपल्याला जरा बोलायला हवं, असं त्या म्हणाल्या. जगदेवची शिवी परवडली असती. बापाचं टिपण संध्याकाळपर्यंत पूर्ण काढून टाक, प्रत्येक लेकराचं त्याचं त्यालाच बोलू दे, आणि दिवाळीनंतर तू इकडंच ये, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

संस्कृतीनं बापाचं टिपण काढलं. नारळ गेला. पासवर्डचं पान साबणानं धुतल्यासारखं झालं. मग तिनं थ्रेशरचं पान उघडलं. तिथं उरली ती एवढीच ओळ की ओलं सोयाबीन टाकू नये. कडबा कटरचं पान तर कोरंच. बापाच्या भरवशावर त्या लेकरानं स्वतःचं काहीच लिहिलं नव्हतं. पट्ट्याजवळ हात नेऊ नये, हे आता कुठंच नव्हतं.

खाली जगदेव थ्रेशरला ग्रीस भरत होता. त्याच्या डाव्या हाताचं करंगळीजवळचं बोट अर्धंच आहे. तिनं ते रोज पाहिलं होतं. आज जरा जास्त वेळ पाहिलं, आणि काढलेलं टिपण परत ठेवलं.

आता करायचं काय, ते ठरवणं आलं. सगळ्या फिरत्या यंत्रांसाठी तिनं मधे एक नवा बाप बसवला. कपडे, पट्टा, लेकरं हे त्याच्याकडं दिलं, म्हणजे ते थ्रेशरला लागेल आणि पासवर्डला लागणार नाही. नारळ तिनं ज्या त्या दुकानाच्या स्वतःच्या टिपणात टाकला. जगदेवकडं नारळ, तय्यबभाईंकडं रेवड्या, ज्याला जे लिहायचं ते त्यानं लिहावं. पण सगळ्यांच्या वरचा जो थोरला बाप, तो रिकामा राहिला. मॅडमना दाखवायचं तर त्याच्या तोंडी एक तरी ओळ पाहिजे होती, जी थ्रेशरलाही खरी आणि पासवर्डलाही खरी. नाही तर बाप ठेवलाच कशाला, असं त्या विचारणार.

जिन्याखाली बैठक बसली. तय्यबभाई फोनवर होते, काचेचं दुःख विसरून. नारळ वरून खाली आला हे ऐकून जगदेव आधीच रुसला होता.

"दुसऱ्याच्या हातात देऊ नोका, असं लिव बेटा," तय्यबभाई म्हणाले. "पासवर्डाले पक्कं लागते."

"अन् थ्रेशरले?" जगदेव म्हणाला. "दुसऱ्याले द्याचं नाही तं धंदा कायचा करा, तय्यबभाई?"

जगदेवनं स्वतः सुचवलं की रोज पुसून ठेवा. पासवर्ड कसा पुसायचा, यावर बराच वाद झाला. मनकर्णाबाई बाजूला बसून तुरीच्या डाळीतले खडे काढत होती. तिनं मान वर केली नाही.

"अडलं तं बंद करा अन् मानसाले इचारा, असं लिव. घरातल्या कोनी आजवर इचारलं नाही."

"मी कोनाले इचारलं गा कवा?" जगदेव छाती काढून फोनला म्हणाला.

"म्हनून तं बोट गेलं," मनकर्णाबाई म्हणाली.

जगदेवनं हात पाठीमागं नेला आणि हायवेवरून जाणारा ट्रक मन लावून पाहिला. संस्कृती वर गेली, ती ओळ थोरल्या बापाच्या तोंडी घातली, आणि पुस्तिका नव्यानं काढून पाठवून दिली.

मॅडमनी फोन केला तेव्हा तिनं ओढणी आवळून बांधली होती, कशासाठी ते तिलाच माहीत. टिपण काढून टाकायला सांगितलं होतं, तू टाकलं नाहीस, असं त्या म्हणाल्या. कडबा कटरचं पान पाहा, असं ती म्हणाली. मॅडमनी पाहिलं. मग पासवर्डचं पाहिलं. मग बिलाचं.

"अडल्यास बंद करावे व माणसाला विचारावे. हं. पण कोणत्या माणसाला?"

संस्कृतीनं हा विचार केलाच नव्हता. तोंडाला येईल ते ती बोलली की ज्यानं लिहिलं त्याला.

मॅडमना ते फारच पटलं. त्या म्हणाल्या की मग तू तिकडंच राहा, यंत्रवाल्यांची बोली तुला येते, आणि तुझा नंबर त्या ओळीपुढं टाक. घरून काम पक्कं झालं. आनंदाच्या भरात संस्कृतीनं नंबर टाकला, थोरल्या बापाच्या टिपणात, सगळ्यात वर. जोडणी आता निर्दोष होती. नंबर एकही पान न चुकता सगळ्या लेकरांना लागला.

तेव्हापासून तिचा फोन खाली ठेवला जात नाही. रजा कोणाला पाहिजे, बिल कोणाचं उडालं, रोटाव्हेटर कोणाचा चिखलात रुतला, सगळे माणसाला विचारतात. बरेचसे भांडतातही, आणि त्याबद्दल तिची तक्रार नाही.

आजही ती कडबा कटरच्या कोऱ्या पानावर त्याचं स्वतःचं टिपण लिहायला बसली तोच सेवालालचा फोन आला. पासवर्ड पुन्हा गेला होता. ह्या वेळी खिशात रेवड्या होत्या, असं तो सांगत होता.

"पयले बंद कर," ती म्हणाली.

खालून जगदेव ओरडला की पट्टा उतरला, चाइल्ड क्लासले पाठवा. तिनं फोन खांद्याला दाबला, ओढणी बांधली आणि जिना उतरायला लागली.

"केलं का बंद? आता चालू कर. बाबा, तुमीबी बंद करा आधी, मंग हात लावते मी."