शिक्का: अर्धा फोटोवर, अर्धा पानावर

अर्जदार: मी स्वतः, कर्जतच्या तहसील कचेरीबाहेर बावीस वर्षे टेबल मांडून बसणारा अर्जलेखक. गैरअर्जदार: खालापूरच्या बाजूला फार्महाऊस बांधलेले मुंबईचे एक गृहस्थ, छंद जुने पासपोर्ट जमवण्याचा. संबंधित व्यक्ती: माझ्या समोर चहाची गाडी लावणारी दहिवलीची मावशी. साक्षीदार: झेरॉक्सवाला, तसेच मुद्रांक विकणारा, जो त्या वेळी डुलकी घेत होता, तरी साक्षीस तयार आहे. दिनांक: दिवाळीनंतरचा दुसरा शुक्रवार, दुपारच्या जेवणाआधी. नावे मुद्दाम दिलेली नाहीत. ज्यांना कळायला हवीत त्यांना ती ठाऊक आहेत.

माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. परंतु माझा मसुदा वाचून वकिलांनी मान हलवल्याची उदाहरणे आहेत. लोक मला वकीलभाऊ म्हणतात आणि मी ती दुरुस्ती करत बसत नाही.

सदर गृहस्थ पहिल्यांदा आले ते सातबाराच्या कामासाठी. अर्ध्या चड्डीत आले. कचेरीत अर्ध्या चड्डीत येण्याचे धैर्य एक तर ठाकुरवाडीकडच्या म्हाताऱ्याला असते, नाही तर ज्याची जमीन पाच एकरांच्या वर आहे त्याला. साहेब जेवायला गेले असल्याने ते माझ्या बाकावर बसले आणि मला ‘काका’ म्हणाले. वयाने आम्ही सारखेच असू. त्यांनी विचारले की, या भागातून पूर्वी बरेच लोक आखातात गेले, त्यांचे जुने पासपोर्ट कोणाकडे पडून आहेत का.

मी म्हटले, पासपोर्टात छापलेले असते की ही पुस्तिका भारत सरकारची मालमत्ता आहे. ते हसले. सरकारला आठवण तरी आहे का, असे त्यांनी विचारले. मी विषय बदलून भाव विचारला, कारण सरकारच्या स्मरणशक्तीवरच माझे पोट चालते.

मग त्यांनी मला भाव समजावले. पुस्तिका जितकी जुनी तितका भाव जास्त, हे मला पटले. मजकूर हाताने लिहिलेला असेल तर आणखी जास्त, हेही पटले. हस्ताक्षराला कोणीतरी किंमत देतो हे ऐकून बरे वाटले. जो देश आता नकाशावर उरला नाही त्याचा शिक्का असेल तर दुप्पट. ठाकुरवाडीच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, जिचे नाव अजून नोंदीत चढलेले नाही. तिथल्या माणसांचे अर्ज मी वर्षानुवर्षे लिहितो. नकाशावर नसल्यामुळे त्यांचा भाव दुप्पट झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आणि सर्वांत वर, धारक परदेशात वारला आणि पासपोर्टावर तसा रद्द केल्याचा शिक्का पडला, तर तो दुर्मीळ. हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता.

मावशी ग्लास विसळत ऐकत होती. तिच्याकडे तसाच एक होता.

तिचा नवरा रसायनीच्या कारखान्यात पाइप जोडायचा. तिथून तो आखातात गेला आणि दुसऱ्या खेपेला तिकडेच वारला. मी तेव्हा धंद्यात नवा होतो. देह परत मिळावा म्हणून मी चार अर्ज लिहिले, जिथे जिथे पत्ता मिळाला तिथे पाठवले. त्यांतला तिसरा आजही मला पाठ आहे. उत्तरादाखल एक पार्सल आले. त्यात एक मनगटी घड्याळ, एक चादर आणि कोपरा कापलेला पासपोर्ट होता. माणूस तिकडच्याच मातीत राहिला. पुढे उल्हास नदीचे पाणी घरात शिरले तेव्हा भिंतीवरचा फोटो गेला. पासपोर्ट रेशनकार्डासोबत आढ्याला टांगलेल्या पिशवीत होता म्हणून वाचला. म्हणजे त्या माणसाचा चेहरा आता जगात एकाच पानावर होता.

दुसऱ्या दिवशी तिने तो दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून आणला. गृहस्थांनी पांढरे हातमोजे चढवले, डोळ्याला भिंग लावले. एवढ्या आदराने त्या माणसाकडे जिवंतपणी कोणी पाहिले असेल असे वाटत नाही. ओळखीच्या खुणेचा रकाना त्यांनी मोठ्याने वाचला: हनुवटीवर व्रण.

मावशी म्हणाली, “त्यो मीच केलाय. पळी फेकून मारली व्हती.”

गृहस्थ खूश झाले. वस्तूमागे गोष्ट असली की पाचशे जास्त मिळतात, असे त्यांनी सांगितले. चार हजारांचे साडेचार झाले. मावशीच्या गाडीची उजवीकडची दोन चाके झिजून गेलेली होती. ती रोज दहिवलीहून गाडी ढकलत आणताना अर्ध्या वाटेत थांबून दगड लावायची. साडेचार हजारांत दोन्ही चाके आली असती. तिने विचारले, फोटो काढून घेऊन बाकीचे पुस्तक देता येईल का. उत्तर मिळाले की, फोटोशिवाय ते रद्दीत जाईल.

फोटोचा फोटो काढून ठेव, असे मीच सुचवले. ती म्हणाली, “अन् खाली सई हाय ती? ह्या पुस्तकासाटी सई शिकले व्हते ते. आठ दिस माज्या चुलीपुडं कोळशानं गिरवीत बसायचे.” मग तिने गाडीच्या चाकाखालचा दगड पायाने घट्ट केला. शेवटी म्हणाली, “घेऊन जाऊ दे, वकीलभाऊ. चाकं तरी येतील.”

व्यवहार शुक्रवारी ठरला. माझ्या टेबलावर होणारा व्यवहार कच्चा राहत नाही. मी पावतीचा मसुदा केला. पासपोर्ट तपासताना दिसले की, वरचे प्लास्टिक उचकटून फोटोचा एक कोपरा सुटला आहे. सुटा फोटो असलेला कागद मी कधीच पुढे जाऊ देत नाही. खळ लावून तो चिकटवला आणि नियमाप्रमाणे माझा तारखेचा शिक्का मारला: अर्धा फोटोवर, अर्धा पानावर, जेणेकरून उद्या कोणी फोटो बदलू नये. खाली सही केली. शाईही मी त्या दिवशी नवी ओतली होती.

गृहस्थ आले. हातमोजे चढवले. पान उघडले आणि हातमोजे काढले.

“काका, हे काय केलंत?”

मी सांगितले की, कागद पक्का केला.

“पीस बरबाद केलात. आता याची किंमत शून्य.”

मी त्यांना विचारले की, याच पुस्तिकेत अकरा शिक्के आहेत आणि आपण त्यांचे पैसे देत होता, तर बारावा काय गुन्हेगार आहे. ते म्हणाले, ते शिक्के खरे आहेत. माझ्या बावीस वर्षांच्या धंद्यात माझ्या तोंडावर असे कोणी बोलले नव्हते. झेरॉक्सवाला ऐकत होता. गृहस्थांची मोटार सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा मुद्रांकवाला जागा झाला.

कचेरीत आता दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, वकीलभाऊने चूक केली. दुसरा म्हणतो, मुद्दाम केली, मावशीसाठी. दोन्ही आरोप मला अमान्य आहेत. सुटा फोटो दिसला, मी तो पक्का केला.

मावशीने पासपोर्ट हातात घेतला. शिक्का पुसला तर जाईल का, असे विचारले. माझी शाई जात नाही, असे मी सांगितले. मग तिने बोट शिक्क्यावर ठेवले.

“ह्यो कुठला?”

“कर्जतचा,” मी म्हणालो.

“शेवटचा हाच ना?” तिने सगळी पाने उलटून खात्री केली. “मंजी आता घरी आले म्हनायचं.”

तिने तो पुन्हा पिशवीत गुंडाळला आणि मला चहा दिला. गाडी अजून उजवीकडे झुकते. संध्याकाळी दहिवलीच्या रस्त्यापर्यंत ती मी ढकलू लागतो. हा प्रस्तुत अर्जाचा विषय नाही.

तरी गैरअर्जदारांना विनंती की, परदेशी विमानतळावरच्या कारकुनाने जांभई देत तिरका मारलेला शिक्का खरा आणि माणसाच्या मरणावर मारलेला त्याहून मौल्यवान असेल, तर त्याच माणसाच्या गावात, त्याच्या बायकोसमोर, सरळ मारलेला शिक्का खोटा कसा, याचा लेखी खुलासा पंधरा दिवसांत करावा. देहासाठी केलेल्या माझ्या चार अर्जांना पार्सल आले, लेखी उत्तर अजून आलेले नाही. हा पाचवा आहे. खुलासा येईपर्यंत सदर पासपोर्ट धारकाच्या पत्नीच्या ताब्यात राहील. खुलासा आल्यावरही तो तिथेच राहील, याची नोंद घ्यावी.