उदबत्तीचा धूर कुठे चालला?

शेठ नारळ फोडायला वाकले आणि भारतीताई शिंकल्या. शिंक अशी, की ती सुटली महाळुंग्यात आणि 'शतंजीव' म्हणालं असेल मोशीत कुणीतरी.

खंडेनवमीची संध्याकाळ. नव्या सीएनसीला, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने लोखंड कातणाऱ्या मशीनला, झेंडूचे हार घातलेले. ते चालवायला ताईंनी सुट्टीचे रविवार घालवून ट्रेनिंग घेतलेलं. पहिलं बटण त्याच दाबणार होत्या. पण बोट बटणाकडे गेलं की शिंक!

शेठ मूळचे इथलेच. शेतात शेड टाकून कंपनी काढलेले. नारळ छातीशी धरून म्हणाले, "ताई, ह्यो अपशकुन हाय. मशीन दुसऱ्या कुणाला देतो."

"अपशकुन नाही शेठ, सप्तपर्णी आहे. दारातली झाडं फुलली की दरवर्षी माझं असंच होतं."

"झाडं भाईर हायेत. तुमी आत शिंकताय."

मुद्दा बिनतोड. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी मेंटेनन्सवाला.

माझंही नाक वाहत होतं, म्हणून दुपारी ॲलर्जीची गोळी घेतलेली. झोप येते, मशीनला हात लावू नका, अशी डॉक्टरांची ताकीद. मी जमिनीपासून वीतभर वर तरंगत होतो. शेड म्हणजे तळं, ट्यूबलाइटी म्हणजे मासे. फुलांचा गोड, जड वास अंगावरून वाहत होता. उदबत्तीचा निळा धूर हळूहळू उलगडत चालला होता. मी नुसता बघत राहिलो. धूर एक्झॉस्ट फॅनकडे पाठ फिरवून थेट ताईंच्या नाकाकडे!

एक्झॉस्टने आतली हवा बाहेर फेकायची असते.

"शेठ, पंखा उलटा फिरतोय. झाडं आत ओढतोय."

"गोळी चढली राव तुला."

थ्री-फेज मोटरच्या तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल झाली की ती उलटी फिरते. आमची मोटर कालच दुरुस्त होऊन आली होती. ती हौसेने जोडली होती शेठच्या मेव्हण्याने.

मेव्हण्यानेच मेन बंद करून वायरी बदलल्या. धूर क्षणभर थबकला, वळला आणि शहाण्यासारखा बाहेर निघून गेला. ताईंनी तोंड धुतलं, मास्क लावला. वास विरेपर्यंत आम्ही प्रसाद खाल्ला. मग त्यांनी बटण दाबलं. शिंक नाही. मशीन गुणगुणू लागलं.

तेवढ्यात शेठ शिंकले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"मला सर्दी हाय!" शेठ ओरडले.

मशीन आजही ताईंकडेच आहे. मोसमात त्या गेटपासूनच मास्क लावतात आणि आत आल्यावर कपडे बदलतात. मी एवढंच शिकलो: शिंक आली की पंचांग नंतर, आधी पंखा बघावा. आणि तो कुणी जोडला, हे शेठसमोर विचारू नये.