रोस्टरात बसवलेला निकाह

तलवाड्यावरून विमान गेलं की पारावरची माणसं माना वर करून ओरडायची, "दस्तगीरभाई, तुमच्या शाईस्तानं सोडलं बघा!" आणि दस्तगीरही असा भाबडा, की जळालेल्या पाणमोटारीतून तार ओढता ओढता हात थांबवून ओळखीचं कुणी चाललंय तसा वर बघायचा. ते विमान कुठलं, कुठं चाललेलं, त्याला काय ठाऊक! पण बापाची छाती फुगायला पुरावा लागत नाही.

त्याचं जळालेल्या पाणमोटारी नवी तार गुंडाळून भरून देण्याचं दुकान. आजूबाजूच्या शेतांतल्या निम्म्या मोटारी त्याच्या हातून गेलेल्या. त्याची पोरगी शाईस्ता विज्ञान शिकली, परीक्षा दिली आणि एका मोठ्या शहराच्या विमानतळावर कंट्रोलर झाली. गावाला हे समजावताना दस्तगीरच्या तोंडाला फेस आला होता.

"म्हंजे इमान चालवती?" लोक विचारायचे.

"न्हाई हो. चालवणाऱ्याला सांगती. तू थांब, तू उतर, तू जरा वर जा."

"मंग कंडक्टर म्हना की!"

तर अशा या कंडक्टर पोरीचं लग्न गेवराईच्या फैजानशी ठरलं. फैजान मोसंबीचा व्यापारी, स्वभावानं मोसंबीसारखाच, गोड आणि जरा मऊ. पण त्याची आई शहजादीबी हे प्रकरण वेगळं. नवरा गेल्यावर तिनं भर बाजारातला गाळा एकटीनं चालवला होता. ती बोलायला लागली की शेजारचे फळवाले तराजू खाली ठेवून ऐकत. दस्तगीर तिला टरकूनच असायचा.

पहिली तारीख ठरली, मंडप सांगितला, आणि विमानतळावरून रजा रद्द झाली. विमानं वाढत चाललेली, माणसं मात्र होती तेवढीच. माजी सरपंच गहिनीनाथ म्हणाले, "रजा कशी देत न्हाईत? लावा फोन. आपल्या एका शब्दाचं काम हाय." फोन लागला. पलीकडून बाईचा आवाज आला, हिंदीसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन दाबा. गहिनीनाथ तिच्यावरच डाफरले, "बाई, दाबायचं मागून बघू, आधी साहेबाला बोलवा!" बाईनं पुन्हा तेच सांगितलं. शेवटी सरपंचांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "बाई खमकी हाय, ऐकत न्हाई."

शहजादीबीला मात्र हसू आलं नाही. ती म्हणाली, "भाईजान, एकदा झालं, चालतं. पुन्यांदा असं झालं तर माझ्या पोराला गेवराईत पोरी कमी न्हाईत."

दुसरी तारीख ईदनंतरची काढली. रजा मंजूर झाली. दस्तगीरनं पत्रिका वाटल्या, बिर्याणी रांधणाऱ्या भटाऱ्याला सांगून झालं, आणि एका दुपारी शाईस्ताचा फोन आला. आवाज दबका होता.

"अब्बा, रागावू नका. मी रजा परत केली."

दस्तगीरला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग त्याचं डोकं फिरलं. "परत केली? तू सोताहून? कावून? मी लोकांना तोंड कसं दाखवू?"

"आमच्यातली सुरेखा बाळंतपणाला गेली. एकाची बदली झाली, त्याच्या जागी कुणी आलंच न्हाई. अब्बा, आमच्यात नियम हाय. माईकवर बसलेल्याला थोड्या थोड्या वेळानं उठवायचंच, दमलेला असो का नसो. डोकं निवलं पायजे. पण उठवायचं तर दुसरं माणूस बसायला नको का? मी आले तर मागं राहिलेल्यांना उठवायला कुणीच न्हाई."

दस्तगीरनं रागारागानं फोन ठेवला. समोर कुणाची तरी मोटार उघडी पडली होती, आतली तार काळीठिक्कर. ती का जळाली हे त्याला विचारावंसुद्धा लागलं नाही: तीनातला एक फेज गेलेला, आणि उरलेल्या दोघांवर तेवढाच लोड. तो बराच वेळ ती तार हातात धरून बसला. राग कुठं गेला, त्याचं त्यालाच कळलं नाही. त्यानं पुन्हा फोन लावला आणि एवढंच म्हणाला, "जेवलीस का बेटा?"

पण शहजादीबीला काय सांगायचं? बायकोनं सल्ला दिला, "सांगा, हापिसानं रद्द केली. खोटं कुणाला कळतंय?" गेवराईच्या गाडीत बसून दस्तगीरनं ते खोटं घोकलंही. खरं कळलं तर सोयरीक मोडणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

गाळ्यावर शहजादीबी मोसंब्या निवडत होती. शेजारी फैजान बापुडवाण्या चेहऱ्यानं उभा राहिला. दस्तगीरनं तोंड उघडलं आणि घोकलेलं सोडून खरं तेच बाहेर पडलं.

"आपा, हापिसाचा दोष न्हाई. रजा पोरीनंच परत केली." मग त्यानं झालं ते सगळं सांगितलं, माईकवरून उठवायच्या नियमासकट. सांगून झाल्यावर मान खाली घातली आणि बोलणी खायला तयार झाला.

शहजादीबीनं हातातली मोसंबी खाली ठेवली. मग पलीकडच्या गाळ्याकडं बोट दाखवलं. तिथं पंडित नावाचा म्हातारा केळीवाला पेंगत होता.

"फैजानचे अब्बा गेले, तवा मी इद्दतीत बसलेवते. बाईनं चार-साडेचार महिने घराबाहेर पडायचं न्हाई. मालाचा हंगाम, पोरगं लहान. माझा गाळा ह्या पंडितदादानं चालवला, सोताचा सांभाळून. त्याच्या लेकीचा साखरपुडा होता, तो बी पुढं ढकलला. त्याचे सोयरे रुसले, तरी ह्यानं माझा गाळा बंद पडू दिला न्हाई."

तिनं खाकरून आवाज सरळ केला.

"भाईजान, मला वाटलं पोरीला आमची किंमत न्हाई. ही तर पंडितदादाच्या जातकुळीची निघाली! असं माणूस मी हातचं सोडू?"

"मग आपा, लग्नाचं?"

"तिला सुट्टी कवा असती?"

"आठवड्याची एक सुट्टी चुकत न्हाई. पण ती येण्याजाण्यातच सरती."

"मंग तिला यायला कावून सांगता? आमाला पाय न्हाईत का? वऱ्हाड तिकडं घेऊन जाऊ!"

फैजान इतका खुलला, की गिऱ्हाइकाला त्यानं दोन मोसंब्या उगीचच जास्त दिल्या. आईनं ते बघितलं आणि त्या दिवशी पहिल्यांदाच काही बोलली नाही.

तलवाड्याहून आणि गेवराईहून गाड्या निघाल्या. बिर्याणीचे डेग, मोसंबीच्या पेट्या, भटारी आणि "आता फोनवरच्या त्या बाईला समक्षच बघतो" म्हणत निघालेले गहिनीनाथ. विमानतळाच्या वसाहतीतल्या हॉलमध्ये निकाह लागला. शाईस्ता लाल ओढणीत बसली होती, डोळ्यांखाली जागरण आणि ओठांवर मावत नसलेलं हसू. दस्तगीरला तिच्याकडं बघवेना आणि बघितल्याशिवाय राहवेना.

मग जेवणाचा दस्तरखान अंथरला. आपल्याकडं पहिली पंगत वऱ्हाडाची, हे काय सांगायला हवं? नवरदेवाचे मामू बाह्या सरसावून मधोमध बसलेही होते. भिंतीपाशी शाईस्ताच्या बरोबरीची काही पोरं-पोरी उभी होती, सारखी घड्याळं बघत. शहजादीबीनं शाईस्ताला विचारलं, "ही कावून उभी?"

"ड्युटीवर निघालीत, अम्मी. म्हणतात, जेवण राहू द्या."

शहजादीबी तडक पंगतीत शिरली. "मामू, उठा. तुमी बी उठा सगळे. आधी ड्युटीवाले."

मामूंचा घास घ्यायला पुढं गेलेला हात तिथंच राहिला. "आपा, वऱ्हाडाला उठवता? असं कुठं असतंय का?"

"आजपासून असतंय. हे वेळेवर गेले न्हाईत तर तिकडं बसलेल्यांना उठवणार कोण? तुमी?"

मामू कुरकुरत उठले. ती पोरं संकोचून बसली. शहजादीबीनं पदर खोचून स्वतः वाढायला घेतलं, नको म्हणणाऱ्याच्या ताटात मुद्दाम जास्त. दस्तगीर पाण्याचा जग घेऊन त्यांच्या हातांवर पाणी घालत होता. मुलीचा बाप लग्नात वऱ्हाडाच्या पुढं हात जोडून फिरतो, आणि इथं वऱ्हाडाची मालकीण त्याच्या लेकीच्या माणसांना आग्रह करत होती. त्याचे डोळे भरून आले. पाणी एका पोराच्या बाहीवर सांडलं.

"भाईजान, रडायचं मागून," शहजादीबी म्हणाली. तिचा आवाजही काही धड नव्हता. "तिकडून सुटलेले येतील आता. त्यांच्यासाठी जागा धरा."

थोड्या वेळानं ते आले, थकलेले, केसांवर हेडफोनचा दाब तसाच. मामू आता कुठं वऱ्हाडाबरोबर पहिल्या घासाला बसले होते. त्यांनी दारात उभ्या त्या पोरांकडं बघितलं, मांडी आवरून बाजूला सरकले आणि म्हणाले, "या बाबांनो, बसा इथं."