पाऊसवाल्याचा पहिला नंबर

खरं तर ही गोष्ट मी कोणाला सांगणार नव्हतो. पण आमची बायको ती अर्ध्या पवनीला सांगून बसली आहे, आणि तिच्या सांगण्यात मी जरा जास्तच येडा दिसतो. तेव्हा म्हटलं, माझी फजिती निदान माझ्या तोंडून ऐका. चहा घ्या, बसा.

तर आमची स्नेहल नागपूरला नोकरी करते. तिथंच तिच्या ऑफिसात लाखांदूरकडचा एक पोरगा, प्रणय. दोघांनी एकमेकांना पसंत करून टाकलं होतं. आम्हा म्हाताऱ्यांकडे फक्त होकाराचं काम ठेवलं होतं. पोरगा सोन्यासारखा. अडचण एकच. त्याचे वडील, रामटेके गुरुजी. रिटायर हेडमास्तर. त्यांची ख्याती अशी, की खोटं बोलणाऱ्याच्या घरचं ते पाणी पीत नाहीत.

आणि मी? मी तांदळाचा दुकानदार. वर माझी जीभ! पवनीच्या जंगलात वाघाला टॉर्च दाखवून मीच रस्त्याला लावून दिलं होतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर मग सांगतो.

स्नेहलनं बजावून ठेवलं होतं, "बाबा, हात जोडते. तिकडं एकही थाप नोको."

"मी कवा थापा मारतो वं?" मी म्हणालो. म्हणजे सुरुवातच थापेनं झाली.

एक दिवस तिनं फोनवर प्रणयशी बोलणं करून दिलं. बोलायचं काय? पाऊस-पाणी झालं, धानाचं झालं. मग मी विचारलं, "रिकाम्या वेळात काय करता?"

"काका, त्या सुपरहिरोंच्या सिरीज पाहतो मोबाईलवर. एकाच कंपनीच्या आठ आहेत. आठही पाहून झाल्या."

आता इथं एखादा शहाणा माणूस 'अरे वा' म्हणून गप्प बसला असता. पण मला कोणी 'आठ' म्हटलं की माझ्या तोंडून सोळाच निघतात.

"आठच ना? मीही पाह्यल्या. दोन-दोनदा!"

मग तो बिचारा आनंदानं ओरडलाच, "खरंच काका? बाबांना सांगतो!"

सांगितलं त्यानं. दोन दिवसांनी स्नेहलचा फोन. आवाज असा, की मी गल्ल्यावरून उठून उभा राहिलो.

"बाबा, काहून फेकता तुमी? गुरुजी म्हणाले, स्नेहलचे बाबा एवढे शौकीन आहेत तर मजा येईल, मीही पाहतो त्या सिरीज. मंडईला येऊन राहिले ते आपल्याकडं, अन् तुमच्याशी त्यावरच बोलणार हायेत!"

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा जत्रा, रात्री नाटक, आणि मधल्या वेळात पाहुण्यांच्या पोहे-चहावर सोयरिकी जुळतात. आमच्या मंडईला उरले होते चार दिवस.

एक सिरीज लावून पाहिली. दहाव्या मिनिटाला मी घोरत होतो. त्यात नवा धान निघालेला, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. शेवटी पोरीलाच म्हटलं, "तू मले कागदावर सगळं दे. पाठ करून टाकतो."

तिनं आणि प्रणयनं बसून फोनवर यादी धाडली. आठ सिरीज, क्रमानं. इंग्रजी नावं मला झेपणार नाहीत म्हणून मराठीत: पाऊसवाला, लोखंडी आजोबा, अदृश्य शेजारी… असं करत आठव्या नंबरावर काचेची बाई. कोणाच्या अंगात कोणती शक्ती, एवढंच पुढं. आणि सगळ्यात वर एक ओळ होती: वाईटापासून चांगल्यापर्यंत.

ती ओळ मी वाचली नाही. का? अहो, तांदळाचे भाव लिहितो त्या पाटीच्या कोऱ्या पाठीवर मोठ्या अक्षरात यादी उतरवायला घेतली, आणि सरळ एक नंबरपासून सुरू केली. तीस वर्षं मी दुकानात बसतो. दारातलं पहिलं पोतं भारी चिन्नोर तांदळाचं, वास रस्त्यापर्यंत. मग साधा तांदूळ. सगळ्यात मागं, भिंतीला, कनकी, म्हणजे तुकडा तांदूळ. कनकी दारात मांडलेली बघितली का कुठं? पहिलं ते चांगलं, शेवटचं ते कोंबड्यांना. हे माझ्या हाडात बसलं आहे.

चार दिवस पाठांतर. लोक भाव विचारायचे, मी म्हणायचो, "लोखंडी आजोबा." एका बाईनं तर विचारलं, "नवी जात हाय का? अर्धा किलो द्या पाहू."

मंडईच्या दिवशी गुरुजी आणि प्रणय लाखांदूरच्या गाडीनं उतरले. प्रणयच्या आईचे गुडघे दुखतात, तिनं निरोप धाडला होता की मला पोरगी पसंतच आहे, हे येऊन पाहतील. म्हणजे उरले गुरुजीच. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, एक निळा, एक लाल. त्या लाल पेनाकडं पाहून मी मनातल्या मनात यादी पुन्हा एकदा म्हणून घेतली.

बायकोनं पाणी ठेवलं. गुरुजींनी ग्लासाला हात लावला नाही. आधी परीक्षा, मग पाणी, असा चेहरा.

आलूपोहे आले. मी घसा साफ केला आणि ठरवलं, आपणच पहिला डाव टाकायचा.

"मग गुरुजी, पाऊसवाला! काय सिरीज हाय! पहिला नंबर. दुसरं नाव घ्यायचंच नाही."

प्रणयचा चमचा तोंडाशी थांबला. ट्रे घेऊन आलेली स्नेहल दारातच पुतळा झाली.

गुरुजींनी चष्मा नीट केला. "पाऊसवाला? तो तर सर्वांत टाकाऊ. माझ्या मते काचेची बाई अव्वल."

"काचेची बाई?" मी हसलोच. "तिले तर मी कनकीत पन नाई बसवनार!"

"बाबा, पोहे थंड होऊन राहिले," स्नेहल म्हणाली.

"होऊ दे! गुरुजी, तुमी नीट पाह्यली नसेल."

"मी नीट पाहिली नाही?" गुरुजींचा आवाज चढला. "पस्तीस वर्षं मी पेपर तपासले आहेत. नापास म्हणजे नापास!"

"तुमचा पाऊसवाला नापास? तुमी पहिल्या भागालेच उठून गेले असान!"

"तुम्ही झोपेत पाहिला असेल!"

हे मात्र बरोबर होतं. म्हणून तर मला जास्त झोंबलं!

आवाज इतके वाढले की मंडईला निघालेले लोक आमच्या दारात थांबायला लागले. त्यांना वाटलं, यंदाचं नाटक दिवसाच सुरू झालं. गुरुजींनी बशी खाली ठेवली, पिशवी उचलली आणि म्हणाले, "प्रणय, चारची लाखांदूर गाडी आहे ना? बघ."

मी स्नेहलकडं पाहिलं. आणि मग, देवाशपथ सांगतो, माझी जीभ आयुष्यात पहिल्यांदा सुकली. पोरीच्या डोळ्यांत राग नव्हता. राग परवडला असता. ती नुसती ट्रेच्या कडेवरून बोट फिरवत होती. लहानपणी पेपर अवघड गेला की फिरवायची, तसंच.

आता काहीतरी करायला हवं. आणि मला येतं ते एकच.

"गुरुजी, बसा. एक गोष्ट आठवा फक्त," मी आवाज खाली आणला. "पाचवा भाग. पाऊसवाला एवढा मोठा झाला, पन मायच्या भेटीले गावात येते. मायची धानाची बांधी कोरडी पडली, रोपं लावाचा रोवना खोळंबला. थो हात वर करते, अन् फक्त मायच्या बांधीत पानी पडते. शेजाऱ्याच्या बांधीत थेंब नाई! तवा माय म्हन्ते, 'बाबू, एकट्या माझ्याच बांधीत कायले पाडून राहिला? धुऱ्यापलीकडं, शेजारच्या शेतात पन मानसंच हायेत.'"

हे सगळं मी त्या क्षणी रचलं. सिरीज अमेरिकेतली, बांधी आमच्या पवनीकडची!

गुरुजींची पिशवी हळूच खाली आली. त्यांनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसला.

"हो," ते म्हणाले. "तो प्रसंग मात्र… तिथं मलाही रडू आलं होतं."

काय? मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. अहो, तो प्रसंग दोन मिनिटांपूर्वी माझ्या तोंडात जन्मला होता, आणि गुरुजी त्यावर आधीच रडून बसले होते!

"आणि नंतर," गुरुजींना रंग चढला, "ती म्हातारी त्याला तांदळाची भाकर देते. चुलीवरची. तो अर्धी खातो, अर्धी शेजाऱ्याला देतो."

"देते ना! अन् वरून चटनी!"

"मिरचीची."

"ठेच्याची!"

"बरोबर, ठेच्याचीच. मी विसरलो. या प्रसंगासाठी पाऊसवाल्याला मी दहा गुण वाढवून देतो. पास!"

मी मान डोलावत होतो. गुरुजी थाप मारून राहिले, हे मला कळलं होतं. पण ते ओरडून सांगायचं, तर आधी माझीच थाप कबूल करायला हवी! दोघं एकाच नावेत, आणि नाव मीच भोकाची आणलेली.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. आमची बायको, रंजना. पदराला हात पुसत.

"त्याची माय पहिल्याच भागात मरते. पुरात वाहून जाते. त्यानंच पाडलेल्या पावसात."

मंडईतला पाळणा करकरताना घरात ऐकू आला.

"तुले कसं मालूम?" मी विचारलं.

"दुपारी तुमी दुकानात रायता, मी तांदूळ निवडत पाहते. आठही पाह्यल्या. स्नेहलनंच लावून देल्लं." मग माझ्याकडं वळून, "अन् तुमची यादी उलटी पाठ झाली. पहिला नंबर सगळ्यात भंगारचा हाय. चार दिवस ऐकून राहिली मी."

"मग सांगितलं काहून नाई वं?"

"तुमी दोन-दोनदा पाह्यल्या होत्या ना! मी तं एकदाच पाह्यल्या. मी काय सांगू?"

प्रणयनं तोंडावर हात धरला. त्याचे खांदे हलत होते. मी गुरुजींकडं पाहायची हिंमत करत नव्हतो. आता उठणार. आता पिशवी. आता चारची गाडी.

गुरुजी उठले नाहीत. पिशवी पायानं बाजूला सारून म्हणाले, "वहिनी, खरं सांगतो. मी एकही मालिका पाहिलेली नाही. पोराकडून यादी घेतली आणि पाठ केली. तुमचे हे सगळ्या दोन-दोनदा पाहून बसलेत म्हटल्यावर, हेडमास्तर असून आपण कोरे कसे जायचे?"

"गुरुजी," मी म्हणालो, "मीही कोराच हाय."

ते माझ्याकडं बघत राहिले. मी त्यांच्याकडं. आणि मग ते खाकरत सुरू झालेलं, थांबता न थांबणारं हेडमास्तरी हसू! हसता हसता त्यांच्या खिशातलं लाल पेन पडलं. माझ्या छातीवरून क्विंटलभराचं पोतं कोणी उचलून नेलं असं वाटलं. दारात जमलेले लोकही हसायला लागले, आपण कशाला हसतोय ते न समजता.

"वहिनी, पाणी द्या," गुरुजी म्हणाले. "खोटं बोलणाऱ्याच्या घरचं मी पीत नाही. पण आज तसं बघितलं तर मला माझ्या घरीही तहानलेलंच राहावं लागेल."

गटागटा प्याले. स्नेहलनं ट्रे खाली ठेवला आणि आत जाऊन ती रडली. हे रडणं चांगलं होतं, हे मला भिंतीपलीकडूनही कळलं. चारची गाडी गेली. रात्री आम्ही तिघं पाहुण्यांसकट नाटकाला गेलो, आणि गुरुजी माझ्या शेजारी बसून शेंगा खात होते.

लग्न ठरलं. इथं गोष्ट संपायला हवी होती. पण माझं नशीब!

पंधरा दिवसांनी पोरांनी फोनवर नवी यादी धाडली. 'दोन्ही बाबांच्या थापा.' आठ थापा, क्रमानं. आणि पहिल्या नंबरावर कोण? माझी! पाऊसवाल्याची माय! वाघाची टॉर्च दुसरी. छाती अशी फुगली, की शर्टाचं बटण गेलं. मी ती यादी त्याच भावांच्या पाटीच्या पाठीवर, जुनी पुसून, मोठ्या अक्षरात उतरवली आणि दारात, चिन्नोरच्या पोत्यावर टांगली. येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवायचो, "पोरीनं पहिला नंबर देल्ला!"

तिसऱ्या दिवशी रंजना डबा घेऊन आली. पाटी वाचली.

"फोनवरची वरची ओळ वाचली का?"

मी फोन काढला. बोटानं वर सरकवलं.

वाईटापासून चांगल्यापर्यंत.

खाली आठव्या नंबरावर होती तांदळाची भाकर. जन्मात एकदाच थाप मारलेल्या गुरुजींची!

मी मुकाट्यानं पाटी काढली आणि मागच्या भिंतीला नेऊन ठेवली. कनकीच्या पोत्यावर.